मदत हवी आहे: ग्राट्सचा श्लॉसबर्ग, २६० पायऱ्या आणि बाबांचा नवा गुडघा

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पुढच्या महिन्यात पुण्याहून माझ्याकडे व्हिएन्नाला येताहेत. बाबा ७१ वर्षांचे आहेत. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण झालं. आईचं बाकी सगळं ठीक आहे, पण उघड्या जिन्यावरून खाली पाहिलं की तिला गरगरतं.

बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. ऑपरेशन होईपर्यंत दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड ठरलेला. आता आठवड्यातून दोनदा ते टेकडीच्या पायथ्याशी जातात, बाकावर बसतात आणि परत येतात. ते काही बोलत नाहीत, पण व्हिडिओ कॉलवर मला कळतं.

त्यांना मी ऑस्ट्रियात काय काय बघायचं याची यादी पाठवली होती. राजवाडे, संग्रहालयं, डोंगरातली तळी. त्यांनी त्या सगळ्यातून एकच ओळ उचलली: ग्राट्सचा श्लॉसबर्ग. शहराच्या मधोमध टेकडी, टेकडीवर बाग, आणि बागेत जुन्या किल्ल्याचा उरलेला घड्याळ-मनोरा. १८०९ साली नेपोलियनच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला. मेजर हाकर नावाच्या अधिकाऱ्याने सुमारे ९०० माणसांनिशी तो लढवला आणि फ्रेंचांना तो लढून घेता आला नाही. पण पुढे तहात किल्ला पाडायचं कलम आलं आणि जे तोफांना जमलं नाही ते कागदाने झालं. त्या वेळी ग्राट्सच्या लोकांनी २९८७ गुल्डन आणि ११ क्रॉइत्झर (तिथली तेव्हाची नाणी) भरून दोन इमारती सोडवून घेतल्या, घड्याळाचा मनोरा आणि घंटेचा मनोरा. बाकीचा किल्ला जमीनदोस्त झाला.

हे वाचल्यापासून बाबा त्यावरच बोलताहेत. ते वर्गात नेहमी सांगायचे की १८१८ नंतर इंग्रजांनी नाशिकच्या बाजूच्या कितीतरी गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, म्हणजे गड असून नसल्यासारखा व्हावा. अलंग-मदनच्या तुटलेल्या पायऱ्यांखाली उभं राहून त्यांनी आम्हाला ते दाखवलंय. त्यांचं म्हणणं, "ज्या लोकांनी वर्गणी काढून आपला बुरूज वाचवला, तो मला हात लावून बघायचाय. आणि गड आहे तर पायांनी चढायचा."

माझा प्रश्न इथेच आहे. खालच्या चौकातून मनोऱ्यापर्यंत कड्यातून २६० पायऱ्या आहेत. लिफ्टही आहे, फ्युनिक्युलरही (दोराने ओढली जाणारी चढावरची छोटी रेल्वे) आहे. मला सरळ फ्युनिक्युलरची तिकिटं काढायची होती. पण मागच्या खेपेला एका किल्ल्यावर मी त्यांना न विचारता परस्पर ठरवलं, "तुम्ही दोघं खाली कॅफेत बसा, मी फोटो काढून आणते." परत आले तेव्हा बाबांनी फोटो नीट पाहिले, छान म्हणाले, आणि संध्याकाळभर गप्प होते. ते मला परत करायचं नाहीये.

तर, कोणी या पायऱ्या वडीलधाऱ्यांबरोबर चढलंय का? मधे टेकायला जागा आहे का? आईला कुठून न्यावं? आणि एका दिवसात व्हिएन्नाहून जाऊन-येऊन होईल का, की मुक्काम करावा?

प्रतिसाद

ताई, मी ग्राट्सला सहा वर्षं राहतो, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वर घेऊन जातो. आधी नकाशा डोक्यात पक्का करा, म्हणजे अर्धी काळजी मिटेल.

पायऱ्या श्लॉसबर्गप्लाट्झ या चौकातून सुरू होतात आणि कड्याला लागून नागमोडी वर जातात. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांनी आणि रशियन युद्धकैद्यांनी त्या बांधल्या. दगडी आहेत, प्रत्येक वळणावर थांबून दम खाता येतो. त्याच चौकातून एक बोगदा डोंगराच्या पोटात जातो, तिथे काचेची लिफ्ट आहे. ती सुटते पायऱ्यांच्या पायथ्याशी आणि उघडते घड्याळ-मनोऱ्याजवळ. म्हणजे बाबा पायऱ्यांनी आणि आई लिफ्टने गेल्या तरी दोघांची गाठ वर एकाच जागी पडेल.

फ्युनिक्युलर मात्र वेगळीकडून, नदीकाठच्या रस्त्यावरून सुटते. १८९४ पासून चालू आहे. ती घड्याळ-मनोऱ्यापाशी थांबत नाही, त्याहून वर, घंटेच्या मनोऱ्याच्या बाजूला सोडते. पुष्कळ जण इथेच फसतात, वर पोचून मनोरा शोधत बसतात. शहराच्या ट्राम-बसचं तिकीट फ्युनिक्युलरला चालतं, लिफ्टचं वेगळं काढावं लागतं. बागेत जायला तिकीट नाही.

तिसरी वाट कार्मेलिटरप्लाट्झ या दुसऱ्या चौकाच्या बाजूने आहे. पायरी कमी, चढ सलग, गाडीरस्त्यासारखी रुंद. आईंना उघड्या जिन्याची भीती असेल आणि लिफ्टही नको असेल तर ही बरी.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या सर्जनना विचारल्याशिवाय काहीही ठरवू नका. पण एक गोष्ट सांगते, कारण घरचे लोक नेमकी उलटी चूक करतात. सगळे चढायला घाबरतात. गुडघ्यावर जास्त भार येतो तो उतरताना. चढताना धाप लागते, ती कळते, माणूस थांबतो. उतरताना काही वाटत नाही आणि रात्री गुडघा सुजतो.

म्हणून चढू द्या, उतरवू नका. खाली येताना लिफ्टच, तिथे त्यांचं ऐकू नका. चढताना चांगला पाय आधी वर, मग ऑपरेशनचा. कुठे चार पायऱ्या उतराव्या लागल्याच तर ऑपरेशनचा पाय आधी खाली. कठडा धरायचा, काठी दुसऱ्या हातात. आणि जायच्या आधी महिनाभर सराव. तुमच्याकडे इमारतीचा जिना असेलच. एका मजल्याच्या साधारण वीस पायऱ्या धरल्या तर २६० म्हणजे तेरा मजले. पहिल्या आठवड्यात तीन मजले सुखाने जमतात का ते बघा. वर चढून लिफ्टने खाली.

प्रतिसाद

मला हे पटत नाही. फ्युनिक्युलर असताना सत्तरीच्या माणसाला पायऱ्या कशाला? माझ्या सासऱ्यांना आम्ही त्यांच्या हट्टाखातर असंच एका ठिकाणी चढवलं आणि पुढचे चार दिवस ते हॉटेलच्या खोलीत होते. मनोरा दोन्हीकडून सारखाच दिसतो.

धागालेखिका

तुमची काळजी समजते, आणि चार दिवस खोलीत काढणं काय असतं याची कल्पना मलाही आहे. म्हणून सर्जनना विचारलं. ते म्हणाले, पायऱ्या चढायला हरकत नाही, घाई नको, दुखलं तर तिथेच थांबा. बाबांनी कालपासून सराव सुरू केलाय. आई खाली पार्किंगमध्ये उभी राहून मजले मोजते आणि मला मेसेज करते. काल तीन, आज तीन.

प्रतिसाद

एक विनंती. वेळ अशी साधा की दुपारी बाराला तुम्ही घंटेच्या मनोऱ्याजवळ असाल. तिथली मोठी घंटा १५८७ सालची आहे, गावात तिला लाडाने लीझल म्हणतात. सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी सात, असे तीन वेळा तिचे १०१ ठोके पडतात. तुर्कांच्या १०१ तोफगोळ्यांच्या धातूतून ती ओतली अशी आख्यायिका सांगतात.

इतिहासाचे मास्तर बरोबर आहेत म्हणून आणखी दोन जागा. एक, तुर्की विहीर. ९४ मीटर खोल, सोळाव्या शतकात किल्ल्याच्या पाण्यासाठी खणलेली. गडावरच्या पाण्याच्या टाक्या बघत हिंडलेला माणूस तिथे थांबणारच. दोन, पाडलेल्या किल्ल्याच्या तळघरांतून केलेलं खुलं नाट्यगृह. ढिगाऱ्याची बाग कशी झाली तेही त्यांना सांगा: १८३९ पासून फॉन वेल्डेन या लष्करी अधिकाऱ्याने या उजाड टेकडीवर वाटा आखून झाडं लावायला घेतली. आज जी सावली आहे तिची सुरुवात ती.

व्हिएन्नाहून रेल्वेने अडीच तासांच्या वर लागतात. जाऊन-येऊन होतं, पण गुडघ्यासाठी एक मुक्काम करा. आणि प्रवासही बघण्यासारखा आहे, सेमरिंगच्या घाटातला रेल्वेमार्ग १८५४ सालचा आहे.

धागालेखिका (पाच आठवड्यांनी)

मंडळी, जाऊन आलो. उत्तरं देणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार, आणि पुढे कोणी शोधत इथे आलं तर उपयोगी पडावं म्हणून लिहिते.

मुक्काम केला. सकाळी हाउप्टप्लाट्झ या मुख्य चौकातून झाकश्ट्रासे या रस्त्याने चालत पायऱ्यांच्या चौकात आलो, पाच-सात मिनिटं. आई लिफ्टने पुढे गेली. बाबांनी पहिल्या पायरीला वाकून हात लावला, तसाच कपाळाला, जसा ते सिंहगडाच्या वाटेवर लावतात. दहा चाळीसला सुरुवात केली. मी त्यांच्या दोन पायऱ्या मागे. डावा पाय वर, मग उजवा, दर वळणावर थांबून पाण्याचा घोट. निम्म्याच्या थोडं पुढे त्यांनी कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि बराच वेळ खालची लाल कौलं बघत राहिले. मी विचारलं, "दुखतंय का?" म्हणाले, "नाही गं. इतक्या उंचीवरून बघून दीड वर्ष झालं."

वर पोचलो तेव्हा आई मनोऱ्याखालच्या बागेत बाकावर बसली होती. मनोऱ्याच्या घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं कमी दिसत होती आणि माझ्या मनगटावर अकरा वीस. ते घड्याळ उलटं वाचायचं. पूर्वी त्याला एकच मोठा काटा होता, तासाचा, म्हणजे लांबून दिसावा. मिनिटाचा नंतर बसवला तो छोटा. हे आईनेच आम्हाला समजावून सांगितलं, आमची वाट बघताना तिने फलक वाचला होता.

बाबांनी मनोऱ्याच्या भिंतीवर तळहात ठेवला. गिलावा आहे, दगड दिसत नाही, पण ऊन लागून भिंत कोमट झाली होती. मला म्हणाले, "तो आकडा परत सांग." मी सांगितला, २९८७ गुल्डन, ११ क्रॉइत्झर. "ते अकरा क्रॉइत्झरसुद्धा कोणीतरी मोजून दिले असणार," म्हणाले.

तिथून घंटेच्या मनोऱ्यापर्यंतचा चढ सौम्य आहे, तरी आम्हाला वीस-पंचवीस मिनिटं लागली. बाराच्या आधी पोचलो. ठोके सुरू झाले तसे दोघांनी बोटांच्या पेरांवर मोजायला घेतलं, एका हातावर बारा. मधे एक लहान मूल मोठ्याने काहीतरी ओरडलं तेव्हा माझी गणती चुकली, त्यांची नाही. शंभरला आईने हात खाली घेतला. बाबा म्हणाले, "थांब, एक राहिलाय," आणि तो पडला.

खाली फ्युनिक्युलरने आलो, बाबांनी विरोध केला नाही. रात्री गुडघ्याला बर्फ लावला, सकाळी किंचित जड होता, दुपारपर्यंत ठीक.

दोन सूचना. पाऊस पडून गेला असेल तर पायऱ्यांचा बेत पुढे ढकला, आम्ही तसाच एक दिवस थांबलो, कारण दगड ओला होता. आणि ज्यांना चक्कर येते त्यांनी लिफ्टमध्ये दाराकडे तोंड करून उभं राहावं, असं आई सांगते.