पोलीस ठाण्याचे आकडे उघड केले तर बिघडतं कुणाचं?

कृष्णाकाठ
परवा इथं एकाने लिहिलं, "पोलिसांकडे हिशेब मागणारे सगळे रिकामटेकडे. आधी हेल्मेट घालायला शिका." सोडून द्यावं म्हटलं, पण राहवेना. हेल्मेट घालतो मी. आता मागू का हिशेब? सांगलीतल्या प्रत्येक ठाण्यात महिन्याला किती तक्रारअर्ज आले, कितींचा एफआयआर झाला, पोलिसांविरुद्ध किती तक्रारी आल्या, त्यांचं पुढं काय झालं, कॅमेरे किती चालू. एवढंच लावा म्हणतोय. नावं नकोत कुणाची. २०१७ ला इथल्याच पोलीस कोठडीत तरुण मेला आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला. ते बघितलेल्या गावात "आकडे कशाला" असं विचारवतं तरी कसं?

लाईनीतला
आली आंबोली. दर वेळी तेच. माझे वडील हवालदार होते. त्या प्रकरणानंतर भाजीवालीसुद्धा त्यांच्याकडे कशी बघायची ते मी पाहिलंय. आणि आकड्यांचं म्हणाल तर, गुन्हे वाढलेले दिसले की वरचा साहेब पीआयला, म्हणजे ठाण्याच्या निरीक्षकाला, झापणार. मग पीआय गुन्हाच घेणार नाही. अर्ज घ्यायचा, चौकशीवर ठेवायचा, नाहीतर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून बोळवण. तुमचा तक्ता मात्र गोजिरवाणा दिसेल.

मिरज जंक्शन
हे खरंय हो. बसमध्ये चढताना माझा मोबाईल मारला. ठाण्यात म्हणाले, "चोरी कशाला, गहाळ लिहा, सिमकार्ड लगेच मिळेल." लिहिलं. म्हणजे मोबाईल आपला आपण खिशातून चालत गेला. हा तुमच्या कुठल्या रकान्यात?

कृष्णाकाठ
म्हणून तर अर्ज आणि गहाळचे दाखलेही मागतोय! संवेदनशील सोडले तर एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाका, हा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा आदेश आहे. दिसत नाही ते दारातून परत पाठवलेलं. शंभर अर्ज आणि चार गुन्हे असं शेजारी-शेजारी दिसलं की कुणाला शिकवावं लागणार नाही. कॅमेऱ्यांचं तर २०२० लाच सांगितलंय, प्रत्येक ठाण्यात हवेत आणि चित्रण १८ महिने ठेवा, जमत नसेल तर निदान वर्षभर. मी माहिती अधिकारात एका ठाण्याला विचारलं. उत्तर आलं, तपासात अडथळा येईल. बंद कॅमेऱ्याने कसला अडथळा येतो?

कानठळ्या
आकडे राहू द्या, डीजेचं बोला. विसर्जनाला आमच्या दारात भिंत उभी केली होती स्पीकरची. आईला बीपी. ११२ ला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "गाडी पाठवतो". निवासी भागात रात्री ४५ डेसिबल, नियम २००० सालचा. त्या तीन फोनांचं काय केलं तेवढं लावा, बाकी तक्ता तुमचा तुम्हाला लखलाभ.

लाईनीतला
डीजे बंद करायला गेलेल्या शिपायाच्या बदलीसाठी फोन कुणाचा येतो हो? त्या फोनांचाही रकाना करा की. बंदोबस्तात सोळा-सोळा तास उभं राहायचं, वर तुमच्या शिव्या.

सातारकर
आमच्याकडेही तेच. वर्गणी द्यायची, मिरवणुकीत नाचायचं, दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या नावाने खडे फोडायचे.

कानठळ्या
मी नाचलो? माझ्या आईला दवाखान्यात न्यावं लागलं आणि तुम्ही नाचण्याचं बोलताय? थोडी तरी लाज बाळगा.

सातारकर
तुम्हाला उद्देशून नव्हतं. तरी वर्गणी कोण देतं ते सांगा.

मिरज जंक्शन
धागा पोलिसांचा होता ना?

कृष्णाकाठ
असू दे. लाईनीतल्या भावाचं एक मान्य, गुन्ह्यांचा नुसता आकडा लावला तर दडपादडपी वाढेल. आणि बदलीच्या फोनांचा रकाना हवाच, ड्यूटीच्या तासांचाही. खूश?

लाईनीतला
खूश कसला. तो रकाना भरणार कोण?

कानठळ्या
आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षाला विचारा, त्याच्याकडे सगळे नंबर आहेत. आणि हो, वर्गणी पाचशे दिली मी. दारात दहा जण उभे होते, काय करणार?