मूळ करारनामा हरवलाय, टोकन द्यावं का?

कोथरूडला जुन्या सोसायटीत वन बीएचके पसंत पडलाय, ५८ लाख. विकणारे काका तिसरे मालक. त्यांचं खरेदीखत आहे, पण बिल्डरने पहिल्या मालकाला करून दिलेला १९९४ चा करारनामा सापडत नाही. एजंट म्हणतो, "इंडेक्स टू आहे ना, बास झालं." आयुष्यभराची पुंजी लावतोय हो, सांगा.

— थांबा, टोकन देऊ नका. इंडेक्स टू म्हणजे नोंदीचा गोषवारा, करारनामा नव्हे. आईचा फ्लॅट विकताना आमचंही हेच झालं; बँकेने खरेदीदाराचं कर्ज तिथंच अडवलं. दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढली, पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार दिली, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. हे सगळं काकांनी करायचं, खर्चही त्यांचाच. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासदत्वाचा दाखला, उलटं करून मागची बाजू बघा. पहिल्यापासून प्रत्येक हस्तांतराची नोंद, तारीख, सेक्रेटरीची सही सलग आहे का? आमच्याकडे मधली एक ओळ कोरी होती, तिनेच दोन महिने खाल्ले.

— शिवाय ५० लाखांच्या वर आहे, म्हणजे १ टक्का टीडीएस (काकांच्या रकमेतून कापायचा आयकर) तुम्ही कापून भरायचा. सोसायटीचा हस्तांतर प्रीमियम २५ हजारांच्या वर मागितला तर देऊ नका.

— शेअर सर्टिफिकेट आजच बघितलं. दुसऱ्या मालकाच्या नोंदीपुढे सहीच नाही. काकांना फोन केलाय, रविवारी सेक्रेटरींकडे दोघं जातोय. टोकन तोवर नाही.