मदत हवी आहे: बाबांचा पूर्ण रिफंड का दिसत नाही? १२ लाखांची सूट कुठे गेली?

रानजाई
बाबांचं आयकर रिटर्न भरायला बसले आहे. उत्पन्न १२ लाखांच्या आसपाससुद्धा नाही. अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंत कर नाही असं जाहीर झालंय ना? बँकेने व्याजावर २०,३०० टीडीएस (आगाऊ कर) कापलाय, तो सगळा परत यायला हवा. पोर्टल ७,८२० च दाखवतंय. तीन वेळा पुसून भरलं, आकडा हलत नाही. या सूटीसाठी, म्हणजे रिबेटसाठी, वेगळा अर्ज असतो का, आणि तो खात्यात कधी जमा होतो? बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, प्लीज लवकर सांगा.

हिशेबनीस
कोणत्या वर्षाचं रिटर्न? उत्पन्न नक्की किती आणि कशाकशातून?

तात्या_सातारकर
१५एच फॉर्म (कर लागत नाही, टीडीएस कापू नका, अशी ज्येष्ठांची घोषणा) एप्रिलमध्येच बँकेत दिला असता तर ही वेळच आली नसती. मी दर वर्षी १ एप्रिलला बँकेत हजर असतो. ताई, पुढच्या वर्षी लक्षात ठेवा.

रानजाई
तात्या, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. हिशेबनीस, वर्ष अर्थातच चालू, ऑगस्ट २०२५ मध्ये भरतेय म्हणजे. पेन्शन आणि एफडीचं व्याज, बाकी काही नाही.

हिशेबनीस
इथेच घोटाळा आहे. आत्ता भरताय ते मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचं. १२ लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५ नंतरच्या उत्पन्नाला लागू आहे. तुमच्या वर्षाला नव्या करपद्धतीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) मर्यादा ७ लाख आणि रिबेट जास्तीत जास्त २५,००० आहे.

दुसरं, रिबेट खात्यात जमा होत नाही. कलम ८७ए मध्ये तेवढा कर कमी होतो, त्यासाठी अर्ज नाही, फॉर्म आपोआप हिशेब करतो. कापलेला टीडीएस उरलेल्या करापेक्षा जास्त असला तर वरचा भाग परत येतो, तो रिफंड.

तरीही ७ लाखांच्या आत असाल तर कर शून्य यायला हवा. नुसतं पेन्शन आणि व्याज असेल तर हा आकडा जुळत नाही. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकलेत का?

रानजाई
हो, बाबांनी नोव्हेंबरमध्ये थोडे शेअर विकले होते, पाच महिन्यांपूर्वी घेतलेले. ६०,००० फायदा. तो एआयएसमध्ये (पोर्टलवरचं वार्षिक माहितीपत्रक) आधीच आला होता म्हणून वेगळा सांगितला नाही. पेन्शन ४,९२,०००, व्याज २,०३,०००. पेन्शनमधून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन एकूण ६,८०,०००. म्हणजे ७ लाखांच्या आतच!

हिशेबनीस
आता जुळलं. २३ जुलै २०२४ नंतर विकलेल्या शेअरच्या अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर आहे, म्हणजे १२,०००, वर ४ टक्के उपकर. झाले १२,४८०. पेन्शन-व्याजावरचे १६,००० रिबेटने गेले, पण पोर्टल नव्या पद्धतीत या नफ्यावरच्या कराला रिबेट देत नाही. २०,३०० वजा १२,४८०, उरले ७,८२०.

तात्या_सातारकर
हे चूक आहे! कायद्यात तशी बंदी कुठे लिहिली होती? दीर्घकालीन नफ्यासाठी कलम ११२ए मध्ये स्पष्ट लिहिलंय, अल्पकालीनसाठी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये करदात्यांच्या बाजूने सांगितलंय. ताईंनी भांडायला हवं.

हिशेबनीस
तात्या, न्यायालयाने दावा करू द्या, सॉफ्टवेअरमधून अडवू नका, एवढंच सांगितलं. हक्क आहे की नाही ते अधिकाऱ्यांवर सोडलं. दावा लावलेल्या अनेकांना पुढे तो नाकारला गेला. ऑपरेशन तोंडावर असताना यांना अपिलात कशाला ढकलता?

तात्या_सातारकर
हक्काचे पैसे सोडायचे नसतात, एवढंच माझं म्हणणं.

दुबईकर
मी अनिवासी आहे, भारतात भाडं मिळतं, वर्षाला ६ लाख. मलाही हा रिबेट मिळेल का?

हिशेबनीस
दुबईकर, नाही. ८७ए फक्त निवासी व्यक्तींना. स्वतंत्र धागा काढा, सविस्तर सांगतो.

मावळतीचा_वारा
रानजाई, बाबांचं वय किती? आणि त्या वर्षात ८०सी मधलं (करात वजावट मिळणारी बचत) काही केलंय का? नवी पद्धत आपोआप निवडलेली असते, तिथे ते विचारलंच जात नाही.

रानजाई
६४. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्याच वर्षी २ लाख ठेवले. आरोग्य विम्याचा हप्ता ३२,०००, चेकने. पण नवीन पद्धतच चांगली ना?

मावळतीचा_वारा
तुमच्या बाबतीत नाही! जुनी निवडून बघा. पेन्शनमधून ५०,०००, व्याजातले ५०,००० ज्येष्ठांसाठीच्या ८०टीटीबीखाली, ८०सी चे जास्तीत जास्त दीड लाख, विम्याचे ३२,००० वजा होतात. एकूण ४,७३,००० वर येतं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या ५ लाखांच्या आत. तिथे रिबेट १२,५०० आणि तो अल्पकालीन नफ्यावरच्या करालाही चालतो. पेन्शन-व्याजावर ५,६५०, नफ्यावर १२,०००, मिळून १७,६५०. त्यातून १२,५०० गेले, उपकरासह ५,३५६ राहिले. रिफंड १४,९४४. माझ्या सासऱ्यांचं असंच केलं. मात्र जुनी पद्धत हवी असेल तर १५ सप्टेंबरच्या आत भरा, उशिरा भरलं तर ती निवडता येत नाही.

हिशेबनीस
मान्य, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. तात्या, त्या वर्षी १५एच देऊन चाललंही नसतं. कर शून्य असेल तरच ती घोषणा करता येते, इथे ५,३५६ भरायचेच होते.

रानजाई
केलं! १४,९४४ दाखवतंय. सबमिट झालं. पण आता आधारचा ओटीपी बाबांच्या बंद झालेल्या नंबरवर जातोय. ई-व्हेरिफाय (रिटर्नची ऑनलाइन पडताळणी) नाही झालं तर?

मावळतीचा_वारा
३० दिवसांत झालं नाही तर उशिरा भरलं असं धरतील आणि जुनी पद्धतही जाईल. नेटबँकिंग आहे का? तिथून पोर्टलवर जा. नसेल तर रिटर्नच्या पोचपावतीवर बाबांची सही घेऊन आयकर खात्याच्या बेंगळुरूच्या केंद्राला स्पीड पोस्ट करा. आणि पोर्टलवर बँक खातं व्हॅलिडेट (पडताळून मान्य) झालंय ना, पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच आहे ना, ते आजच बघा. रिफंड तिथेच अडकतो.

रानजाई
खात्यावर आडनाव आधी आहे, पॅनवर नंतर. उद्या सकाळी बाबांना घेऊन बँकेत जाते.