प्युरिटन लोक धर्मस्वातंत्र्यासाठी अमेरिकेत गेले? मला तरी पटत नाही

आडवातिडवा (धागाकर्ता)

दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग आलं की तेच वाक्य फिरायला लागतं: ‘प्युरिटन लोक धर्मस्वातंत्र्याच्या शोधात इंग्लंड सोडून गेले.’ (प्युरिटन म्हणजे इंग्लंडचं चर्च आणखी ‘शुद्ध’ करू पाहणारे सतराव्या शतकातले कडवे प्रोटेस्टंट.) माझं म्हणणं असं की त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या, आपला धर्म पाळायची मुभा आणि दुसऱ्याचा बंद पाडायची सत्ता. नुसती मुभाच हवी होती तर हॉलंड जवळ होतं. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ने प्लिमथला गेलेल्या मंडळींचा मुख्य गट आधी दहाएक वर्षं लायडनमध्येच राहत होता. तिथे त्यांच्या प्रार्थनेला कोणी आडकाठी केली नव्हती.

खरी मोठी लाट १६३० ची. जॉन विन्थ्रॉप आणि त्याचे साथीदार ‘आर्बेला’ वगैरे जहाजांतून मॅसॅच्युसेट्सला उतरले. यांची हुशारी बघा. राजाने सनद दिली होती एका व्यापारी कंपनीला. यांनी ती सनद सोबतच नेली, म्हणजे भागधारकांची सभा हेच तिथलं सरकार झालं. १६३१ मध्ये नियम केला की मत फक्त चर्चच्या सभासदाला. आणि सभासदत्व मागून मिळत नसे, आपल्यावर देवाची कृपा कशी झाली ते पटवून द्यावं लागे. बाकीच्यांनी कर भरायचा, रविवारी प्रवचनाला बसायचं आणि गप्प राहायचं. ‘फक्त शाकाहारी कुटुंबांनाच’ म्हणणाऱ्या सोसायटीचीच ही जुनी आवृत्ती.

नथॅनिएल वॉर्ड या त्यांच्याच धर्मगुरूने १६४७ मध्ये छापून टाकलं की इतर पंथीयांना आमच्यापासून लांब राहायचं पूर्ण स्वातंत्र्य आहे. याहून स्पष्ट काय बोलायचं?

बॉस्टनची_वहिनी

सपशेल असहमत. सगळ्यांना धर्मस्वातंत्र्य देऊ असं ते कधी म्हणालेच नव्हते, मग ढोंगी कसे ठरले? जे म्हणाले ते त्यांनी केलं.

आणि मागे काय सोडून आले तेही सांगा की. विल्यम लॉड १६३३ ला इंग्लंडच्या चर्चचा आर्चबिशप झाला आणि न ऐकणाऱ्या धर्मगुरूंच्या मागे हात धुऊन लागला. १६३७ मध्ये लंडनमध्ये प्रिन, बर्टन आणि बॅस्टविक या तिघांचे भर चौकात कान कापले, गुन्हा काय तर बिशपांविरुद्ध लिहिलं.

मत फक्त चर्चच्या सभासदाला, म्हणजे ‘धर्मसत्ता होती’, हेही अर्धवट. मॅसॅच्युसेट्समध्ये धर्मगुरू सरकारी पदावर बसत नसत. लग्न न्यायाधिकारी लावायचा, चर्च नाही! १६४१ च्या लेखी कायद्यात चक्क म्हटलंय की चर्चने कोणाला शिक्षा केली म्हणून त्याचं सरकारी पद जाणार नाही. त्याच कायद्यात नवऱ्याने बायकोला मारू नये असंही कलम आहे. १६४७ पासून ५० कुटुंबांच्या गावाने शिक्षक नेमायचाच, १०० कुटुंबांचं गाव असेल तर लॅटिन शिकवणारी शाळा काढायची. गावकरी सभेत बसून रस्ते, कुंपणं, गायरान ठरवायचे. ही घडी पुढे उपयोगी पडली की नाही?

आडवातिडवा

वहिनी, घडी नीट होती, मान्य. त्या घडीत मेरी डायर कुठे बसवता?

२७ ऑक्टोबर १६५९, बॉस्टन. तीन क्वेकर (धर्मगुरूंची मध्यस्थी न मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक) फाशीसाठी नेले, त्यांत मेरी. क्वेकरांना हद्दपार करायचं आणि परत आले तर मृत्युदंड, असा आदल्याच वर्षीचा कायदा. विल्यम रॉबिन्सन आणि मार्मड्यूक स्टीव्हन्सनला मेरीच्या डोळ्यांदेखत लटकवलं. मग तिचे हातपाय बांधले, गळ्यात फास अडकवला, तोंडावर रुमाल टाकला. रुमाल कोणाचा? बॉस्टन चर्चचे धर्मगुरू जॉन विल्सन यांचा. आणि मग जाहीर केलं, हिला माफी! ती माफी कोर्टाने आधीच ठरवली होती, फक्त तिला ते सगळं बघायला लावायचं होतं. बाई मागे हटली नाही, पुढच्या वर्षी परत आली. १ जून १६६० ला खरोखर फाशी दिली. सरकारी पदावर नसले तरी धर्मगुरू फासापाशी हजर होते.

खडूस_काका

१६५९ मध्येच त्यांनी नाताळ साजरा करायला पाच शिलिंग दंड लावला, बायबलात आधार नाही म्हणून. तो कायदा १६८१ ला गेला. बाकी चालू द्या.

नगरची_लेक

आपल्याकडचा एक धागा कोणी काढला नाही म्हणून लिहिते. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेलं अमेरिकन मराठी मिशन याच न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल चर्चचं, म्हणजे प्युरिटनांच्या थेट वारसांचं. ते चालवणारं बोर्ड बॉस्टनचं. मुंबईत आणि पुढे अहमदनगरला (आता अहिल्यानगर) त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक चालवलं. बायबल स्वतः वाचता आलं पाहिजे, म्हणून आधी अक्षरओळख, हा वहिनींच्या १६४७ च्या कायद्यातलाच हट्ट. आमच्या आजीला त्यातून लिहिता-वाचता आलं, हे मी विसरत नाही. धर्मांतराचा हेतू होता हेही विसरत नाही.

पाणवठा

तुम्ही सगळे चर्चच्या आतच भांडताय. जमीन कोणाची होती?

१६१६ ते १६१९ च्या साथीत किनाऱ्यावरची गावंच्या गावं ओस पडली. प्लिमथ वसलं ते पटक्सेट नावाच्या अशाच मेलेल्या गावाच्या शेतांवर. विन्थ्रॉपचा युक्तिवाद असा की जी जमीन कुंपण घालून कसलेली नाही ती मोकळीच. कंपनीच्या शिक्क्यावर एक मूळनिवासी काढलाय, त्याच्या तोंडी शब्द: ‘इकडे या, आम्हाला मदत करा.’ ही मदत म्हणजे काय ते २६ मे १६३७ ला पीक्वॉट या मूळनिवासी लोकांना कळलं. मिस्टिक नदीच्या काठी त्यांच्या तटबंदीच्या गावाला पहाटे आग लावली, बाहेर पळणाऱ्यांना मारलं. मेलेले शेकड्यांनी, त्यात बायका-पोरं. उरलेल्यांतले कित्येक गुलाम म्हणून विकले. आणि वहिनींच्या त्या १६४१ च्या कायद्यात ‘न्याय्य युद्धात’ पकडलेल्यांना गुलाम करायची सोयही आहे, बायकोच्या कलमापासून फार लांब नाही.

बॉस्टनची_वहिनी

पाणवठा, ते कलम मी गाळलं नव्हतं, विषय वेगळा होता. पण त्यावर बचाव नाही आणि मी करणारही नाही.

धागाकर्त्यांना मात्र विचारते, रॉजर विल्यम्स कोण होता? प्युरिटनच, आणि बॉस्टनवाल्यांपेक्षा कडवा. सरकारने श्रद्धेत हात घातला की चर्च बाटतं, असं त्याचं म्हणणं. इतरांचे पंथ त्याला चूकच वाटायचे, तरी जबरदस्ती नको म्हणायचा. १६३५ ला हद्दपारीचा हुकूम झाला, जानेवारीच्या बर्फातून तो पळाला, मूळनिवाशांनी आसरा दिला. नॅरगॅन्सेट या मूळनिवासी लोकांच्या प्रमुखांकडून जमीन घेऊन १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. १६५७ मध्ये शेजारच्या वसाहतींनी ऱ्होड आयलंडला (प्रॉव्हिडन्स ज्या वसाहतीत आहे ती) सांगितलं, क्वेकरांना हाकला. उत्तर काय गेलं? आमच्याकडे तसा कायदा नाही, आणि जिथे यांना मोकळं बोलू देतात तिथे यायला ते फारसे उत्सुक नसतात! हे डोकं त्याच परंपरेतून आलंय.

आडवातिडवा

त्या परंपरेने हाकललेल्यांतून आलंय. धर्मगुरूंना आव्हान देणाऱ्या अ‍ॅन हचिन्सनलाही १६३७ मध्ये खटला चालवून घालवली, तीही ऱ्होड आयलंडलाच गेली. तिथल्या मोकळेपणाचं श्रेय बॉस्टनला कसं द्यायचं?

आणि बॉस्टनच्या फाशा कोणी थांबवल्या तेही पाहा. १६६१ मध्ये इंग्लंडच्या राजाने, दुसऱ्या चार्ल्सने, हुकूम पाठवला. १६९१ ची नवी सनदही लंडनचीच, तिने मताचा हक्क चर्चच्या सभासदत्वापासून सोडवून मालमत्तेला जोडला. ज्या राजसत्तेपासून पळाले तिनेच यांचा हात धरला.

बॉस्टनची_वहिनी

दुसरा चार्ल्स सहिष्णुतेचा पुतळा असल्यासारखं लिहू नका. त्याच्याच राज्यात इंग्लंडच्या तुरुंगात क्वेकर हजारांनी सडत होते. बॉस्टनमध्ये विधानभवनासमोर आज पुतळा मेरी डायरचा आहे, अ‍ॅन हचिन्सनचाही आहे.

खडूस_काका

पुतळे विसाव्या शतकातले, वहिनी. तिथे चर्चसाठी कर घेणं बंद व्हायलासुद्धा १८३३ उजाडलं होतं.