रात्री लघवीला उठणं : आधी मोजा, मग उपाय निवडा

*रविवार, सोसायटीच्या ग्रुपवर (नावांऐवजी घर क्रमांक)*

सी-२०१ : नमस्कार. सासऱ्यांना, वय ७१, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं. शुगर नाही, बीपीची गोळी चालू आहे. कुणी जवाचं पाणी द्यायला सांगतं, कुणी धण्याचं, कुणी ओवा-गूळ, कुणी तीळ-गूळ. नक्की काय सुरू करावं? झोपेचं पार खोबरं झालंय त्यांच्या.

डी-४०४ : संध्याकाळी सहानंतर पाणी एकदम बंद करा. सकाळच्या आमच्या व्यायाम मंडळात सगळ्यांना हेच सांगतात.

ए-१०४, वैद्य : जवाचं आणि धण्याचं पाणी रात्री अजिबात नको. दोन्ही मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी. गोखरू, पुनर्नवा, शहाळं, कलिंगड, काकडी, कोहळ्याचा रस ही सगळी त्याच पंगतीतली. उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ झाली, तर दिवसा घ्या, पण रात्री उठणाऱ्या माणसाला झोपताना पाजलंत तर त्रास दुप्पट होईल. 'लघवीवर चांगलं' असं ऐकलं की लोक नेमकं हेच देतात.

ए-७०२, डॉक्टर : वहिनी, कुठलाही उपाय सुरू करण्याआधी तीन दिवस लघवी मोजा. रात्री उठण्यामागे दोन अगदी वेगळी कारणं असतात. एक, रात्री लघवी तयारच जास्त होते. दोन, लघवी बेताचीच होते, पण मूत्राशय थोडं भरलं तरी उठवतं किंवा नीट रिकामं होत नाही. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून शेजारच्याला गुण आलेला नुस्खा आपल्याला येत नाही.

रेषा असलेला ५०० मिलीचा प्लास्टिकचा मग आणा. त्यावर मार्करने 'लघवी' असं ठळक लिहा, म्हणजे तो चुकून स्वयंपाकघरात जाणार नाही. वहीत तीन रकाने करा : वेळ, किती मिली, आणि काय व किती प्यायले. तीन दिवस सलग नसले तरी चालतील, पण घरी असतानाचे हवेत, नाहीतर दुपारचे आकडे सुटतात.

हिशेब असा. झोपायला जाताना केलेली लघवी दिवसाच्या खात्यात. सकाळी उठल्याउठल्या केलेली पहिली लघवी मात्र रात्रीच्या खात्यात, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. बहुतेकांचं इथेच चुकतं. पासष्टीच्या पुढे चोवीस तासांतल्या लघवीपैकी साधारण एक तृतीयांश रात्री होणं चालतं, तरुणांत एक पंचमांश. त्याहून जास्त असेल तर मामला रात्री जास्त तयार होण्याचा.

चोवीस तासांची मिळून लघवीच वजनाच्या दर किलोमागे ४० मिलीच्या वर गेली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४०० मिलीच्या वर, तर एकतर पाणी फार पितायत किंवा शुगर तपासायची वेळ आली आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते.

डी-४०४ : मग पाणी बंद करणं चूक आहे का डॉक्टर?

ए-७०२, डॉक्टर : काका, वेळ बदला, दिवसाचं पाणी तोडू नका. मुंबईच्या दमट हवेत घामाने केवढं पाणी जातं. म्हाताऱ्या माणसाचं पाणी तोडलं की बद्धकोष्ठ होतं, भरलेलं मोठं आतडं मूत्राशयावर दाब देतं आणि लघवीची घाई वाढते. लघवी गडद, तीव्र झाली तरी मूत्राशय चिडतं. दिवसाचं पाऊण पाणी संध्याकाळी पाचपर्यंत संपवा. झोपण्याआधीच्या तीन तासांत घसा ओला करण्यापुरते घोट घ्या. आणि हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घालून दिली असेल तर तीच पाळा.

बी-३०२, सिस्टर : सी-२०१ वहिनी, मोजमापासोबत संध्याकाळी आजोबांच्या पायांकडेही बघा. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा. बोट काढल्यावर खड्डा राहतो का, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटतो का? आणि रात्री घोरतात का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे सासूबाईंना विचारा.

*गुरुवार*

सी-२०१ : तिन्ही दिवसांचे आकडे जवळपास सारखेच. कालचे देते. रात्री १२.४५ ला २२० मिली, ३ ला २८०, ४.४० ला २४०, सकाळी ६.३० ला २६०. चोवीस तासांची बेरीज १८५०. संध्याकाळी पायावर खड्डा राहतो. घोरतात थोडे, पण श्वास अडकत नाही असं सासूबाई म्हणतात. जेवण साडेनऊला, त्यात पापड-लोणचं आणि बहुतेक वेळा वाटीभर सोलकढी. झोपताना एक पेला दूध आणि त्रिफळा मोठा पेला गरम पाण्यासोबत. बीपीची गोळी अम्लोडिपिन.

ए-७०२, डॉक्टर : छान टिपलंत. रात्रीचे १००० झाले, १८५० पैकी, म्हणजे निम्म्याहून जास्त. प्रत्येक वेळी दोनशेच्या वर होतेय, तेव्हा साठवण्याची तक्रार दिसत नाही. लघवी रात्रीच जास्त बनते आहे, आणि सुजलेले पाय हे त्यातलं मोठं कारण दिसतंय. दिवसभर पाय खाली सोडून बसलं की पाणी पोटऱ्यांत साठतं. आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं, हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो, त्यातून लघवी वाढवणारा संप्रेरक सुटतो आणि मूत्रपिंडं रात्रपाळी सुरू करतात. म्हणून हे पाणी झोपण्याआधीच काढायचं.

बी-६०३, फिजिओ : त्याची रीत सांगते. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान तासभर तरी आडवं पडायचं. पोटरीखाली दोन उशा, टाच छातीच्या पातळीला किंवा किंचित वर. नुसत्या स्टुलावर पाय ठेवून खुर्चीत बसलं तर मांडीचा कोन तसाच राहतो, उपयोग अर्धाच. पडल्यापडल्या पंजे वर-खाली वीस वेळा, दर पंधरा मिनिटांनी. मग उठून लघवीला जाऊन यायचं आणि अर्धा तास चालायचं. वेळ महत्त्वाची. हेच रात्री नऊला केलंत तर ते पाणी बरोबर बाराला उठवेल.

दाबाचे मोजे वापरायचे तर सकाळी पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी चढवायचे आणि झोपताना काढायचे. सूज आल्यावर चढवले तर घोट्याला वळ्या पडून काचतात. पायाच्या धमन्यांत अडथळा, पायावर जखम किंवा मधुमेहाने बधिरपणा असेल तर डॉक्टरांनी पाय तपासल्याशिवाय मोजे नकोत.

सी-५०१, फार्मासिस्ट : अम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, हा त्या गोळीचा माहितीतला परिणाम आहे. गोळी मनाने बंद करू नका. सूज दिसते आहे एवढं डॉक्टरांच्या कानावर घाला, ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात. ज्यांना लघवीची गोळी म्हणजे फ्युरोसेमाइड चालू आहे त्यांनी वेळ विचारून घ्या. तिचा असर साधारण सहा तास राहतो, त्यामुळे रात्री आठला घेतली तर झोप गेलीच. बऱ्याच जणांना सकाळी किंवा दुपारी चारच्या आत चालते. शुगरच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, त्यानेही लघवी वाढते.

एक इशारा. डेस्मोप्रेसिन कुणाकडून मागून घेऊ नका. रात्रीची लघवी कमी करते खरी, पण रक्तातलं सोडियम धोकादायक खाली जाऊ शकतं, म्हाताऱ्यांत जास्तच. सोडियम तपासूनच सुरू करतात आणि सुरू केल्यावर पुन्हा तपासतात.

ए-७०२, डॉक्टर : आता मीठ. नागासाकी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलेल्या लोकांचं रात्री उठणं सरासरी २.३ वरून १.४ वर आलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमची आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही दिवसभराचं सगळं धरून. पापड, लोणचं, फरसाण, सुकट, सुके बोंबील यांतलं मीठ कुणी मोजतच नाही. रात्रीच्या ताटातून ही सगळी काढा.

सी-५०१, फार्मासिस्ट : आणि कमी सोडियमचं मीठ म्हणून पोटॅशियमवालं मीठ परस्पर आणू नका. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशी बीपीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

ए-१०४, वैद्य : जेवण साडेसात-आठला घ्या. सोलकढी, ताक, आमटीचं पातळ पाणी दुपारी. रात्री भाकरी आणि सुकी भाजी. दूध हवंच असेल तर पाचला. त्रिफळा पेलाभर पाण्यात कशाला? जेवणाआधी अर्ध्या कपात पुरतं. इसबगोल मात्र पेलाभर पाण्याशिवाय घेऊ नये, घशात अडकतं, म्हणून ते सकाळी.

तिळाबद्दल : एक चहाचा चमचा भाजलेले तीळ, सुपारीएवढा गूळ, संध्याकाळी सहाच्या सुमारास नीट चावून, वर पाणी न पिता. पारंपरिक उपाय आहे, मोठ्या अभ्यासाचा आधार नाही. एवढ्या मात्रेत सहसा अपाय होत नाही. मधुमेह्यांनी गूळ वगळा, तिळाची अ‍ॅलर्जी असेल त्यांनी लांब राहा. ओवा चिमूटभरच, पित्त असेल तर तोही नको. चंद्रप्रभा ही आयुर्वेदिक गोळी दुकानातून आणून परस्पर सुरू करू नका, तिच्यात शिलाजीत आणि लोहभस्म असतं. नाडी, लघवी, किडनी बघूनच ती देतात.

ए-३०१ : आईंना उलट आहे. दर वेळी ७०-८० मिलीच होते, पण इतकी घाई की संडासापर्यंत पोचेपर्यंत थेंब गळतात.

बी-६०३, फिजिओ : हा दुसरा प्रकार, इथे ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम. वारा अडवताना जो भाग आत ओढला जातो तो ओळखायचा. तो ५ सेकंद आवळायचा, ५ सेकंद पूर्ण सैल, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, नितंब आवळले किंवा श्वास रोखला तर चुकलं. सैल सोडणं आवळण्याइतकंच गरजेचं आहे. लघवी करताना मध्येच धार थांबवून व्यायाम करू नका. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, बरेच जण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. घाई आली की पळायचं नाही. पलंगाच्या कडेवर बसून पाच-सहा वेळा भरभर आवळा-सोडा करायचं, कळ ओसरली की शांतपणे चालत जायचं. चहा-कॉफी दुपारनंतर बंद.

ए-७०२, डॉक्टर : ए-३०१, त्याआधी आईंची लघवीची तपासणी करून घ्या. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा पातळ होते, जंतुसंसर्गही वारंवार होतो. दोन्हीवर औषध आहे. पुरुषांत थोडी थोडी होत असेल, धार बारीक असेल तर प्रोस्टेट बघायला हवं. अशांनी सर्दीची गोळी दुकानातून घेऊ नये, त्यातल्या काही औषधांनी लघवी पूर्ण तुंबू शकते.

बी-३०२, सिस्टर : कारण काही असो, रात्री पडणं टाळा. खुब्याचं हाड मोडलं तर लघवीपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं. उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताच चक्कर येऊ शकते. पलंग ते संडास या वाटेवर जमिनीलगत मंद दिवा ठेवा, पायपुसणं उचला, फरशी कोरडी. आजोबांनी रात्री बसूनच लघवी करावी आणि झाल्यावर अर्धा मिनिट थांबून, पुढे वाकून, पुन्हा एकदा प्रयत्न करावा. चाळीत संडास बाहेर असेल तिथे झाकणाचा युरिन पॉट पलंगाशीच ठेवा.

सी-२०१ : हे सगळं आजपासून. डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

ए-७०२, डॉक्टर : या आठवड्यातच न्या, पायाची सूज आहे म्हणून. हृदय आणि किडनी दोन्ही बघायला हवीत. वही सोबत न्या. साधारणपणे लघवीची तपासणी, शुगर, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), सोडियम-पोटॅशियम आणि पोटाची सोनोग्राफी सांगतील. सोनोग्राफीत लघवी झाल्यावर किती मागे उरते तेही बघतात. तिथे खूप पाणी पाजून तासन्‌तास थांबवतात. मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणलं गेलं तर ते नीट रिकामं होत नाही आणि आकडा उगाच मोठा येतो. नेहमीसारखी लागली की लगेच सांगा, कळ मारून बसवू नका. खासगी परवडत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत युरॉलॉजी म्हणजे मूत्रविकार विभाग आहे. ओपीडीचा वार आधी विचारून घ्या.

लघवी अजिबात होत नसेल, रक्त दिसलं, थंडी वाजून ताप आला, आडवं पडल्यावर दम लागला, किंवा कंबरदुखीसोबत पाय बधिर होऊन लघवीवरचा ताबा गेला तर वही-बिही नाही, थेट रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८.

सी-२०१ : सोनोग्राफीला जायच्या दिवशी सकाळची बीपीची गोळी द्यायची का?

ए-७०२, डॉक्टर : हो, नेहमीच्या वेळेला. उपाशी बोलावलं असलं तरी दोन घोट पाण्यासोबत चालते. आणि जाताना गोळ्यांची पाकिटंच न्या, सर्दी-अ‍ॅसिडिटीची आणि चूर्णांची धरून. नावं सांगताना दोन-तीन हमखास राहून जातात.