विभव आणि स्थितिज ऊर्जा : फरक नेमका कशात?

प्रश्न : विद्युत विभव आणि विद्युत स्थितिज ऊर्जा एकच का? इंग्रजी नावांत दोन्हीकडे ‘पोटेन्शियल’ आहे. आणि विभव म्हणजे तर वैभव ना?

— शब्द तोच. संस्कृतात विभव म्हणजे सामर्थ्य, संपत्ती. वैभव त्यावरूनच आलं. साठ संवत्सरांतलं दुसरंही विभव. पण संकल्पना दोन आहेत, आणि मराठीने त्यांना अगदी वेगळी नावं दिली हे फार बरं झालं. विभव जागेचा. ऊर्जा त्या जागी ठेवलेल्या प्रभाराची (इलेक्ट्रिक चार्जची). काटेकोर बोलायचं तर प्रभारांच्या जोडीची.

हे उदाहरण वहीत करून बघाच. १ नॅनोकूलोमच्या धन प्रभारापासून १० सेंमीवर विभव ९० व्होल्ट (अनंत अंतरावर शून्य धरून). तिथे काहीही नसलं तरी ९०च. आता तिथे +२ नॅनोकूलोम ठेवा : ऊर्जा १८० नॅनोज्यूल. त्याजागी −२ ठेवा : उणे १८०. जागा तीच, विभव तोच, ऊर्जेचं चिन्ह मात्र उलटं. म्हणूनच मोकळा सोडलेला इलेक्ट्रॉन, त्याचा प्रभार ऋण असल्याने, जास्त विभवाकडे ओढला जातो.

— याच गणितात हमखास होणारी चूक : कूलोमच्या नियमाच्या सवयीने अंतराचा वर्ग घेतला जातो. मग ९० ऐवजी ९०० येतात. ते ९०० व्होल्ट प्रति मीटर, म्हणजे विद्युत क्षेत्राची तीव्रता. एकक लिहीत गेलं की चूक तिथल्या तिथे सापडते : ज्यूल प्रति कूलोम आलं तर विभव, नुसते ज्यूल आले तर ऊर्जा.

— मग विभव जास्त तिथे ऊर्जा जास्त, असं म्हणता येईल का?

— नाही, प्रभार किती ते विचारल्याशिवाय नाही. १० सेंमी त्रिज्येचा धातूचा गोळा १ लाख व्होल्टला नेला तरी त्यावर प्रभार जेमतेम १.१ मायक्रोकूलोम आणि साठलेली ऊर्जा सुमारे ०.०५५ ज्यूल. गाडीची बॅटरी फक्त १२ व्होल्टची, पण ४५ अँपिअर-तासाची असेल तर ऊर्जा सुमारे १९ लाख ज्यूल.

— ‘उच्चदाब वाहिनी’तला दाब म्हणजे विभवच का?

— विभवांतर. तारेतारेमधलं किंवा तार आणि जमीन यांच्यामधलं. एकाच तारेवर बसलेल्या पक्ष्याच्या दोन पायांमध्ये ते नगण्य असतं, म्हणून तो सुखरूप. वीजखात्याच्या भाषेत दाब रुळलाय, तिथे तो चालू द्यावा. भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत मात्र नको. तिथे दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ.

— लिहिताना : तो विभव, ते विभवांतर. ‘बिंदूचा विभव’, पण ‘दोन बिंदूंमधलं विभवांतर’. ‘बॅटरीचा विभव १२ व्होल्ट’ हे चूक. तिच्या दोन अग्रांमधलं विभवांतर १२ व्होल्ट. ‘विभव ऊर्जा’ असाही एक जोडशब्द अधूनमधून दिसतो. तो टाळाच, त्याने पुन्हा इंग्रजीतलाच घोळ मराठीत येतो.