भूत जोलोकियातलं भूत आलं कुठून?

ठसकेबाज
ऑफिसात एक आसामी मित्र आहे. परवा त्याच्यासमोर मी मोठ्या ऐटीत सांगायला गेलो की भूत जोलोकिया ही आसामकडची जहाल मिरची, खाल्ल्यावर भूत मानगुटीवर बसतं म्हणून ते नाव, तर तो खो खो हसायलाच लागला, म्हणे भूत नाही रे, भोट. मी म्हटलं अरे सगळं जग घोस्ट पेपर म्हणतं ते काय उगाच? तर म्हणाला हो, उगाचच. आता हा मला गंडवतोय का खरंच असं आहे? आणि बाकीच्या जहाल मिरच्यांची नावं कशी पडली तेही माहीत असेल तर सांगा, पुढच्या वेळी तरी तोंडघशी पडायला नको.

शब्दखोर
मित्र बरोबर बोलतोय. भोट म्हणजे भूतानकडचं, तिकडच्या डोंगरातलं. आपल्याकडेसुद्धा भोट, भोटिया हे शब्द आहेतच की. पिशाच्चवालं भूत वेगळं, रोमन लिपीत नुसता ओ-यूचा फरक. रोमन लिपीत लिहिताना कुणी ओ लिहिला कुणी यू, यूवाल्यांचं भूत झालं आणि भुताचं भाषांतर घोस्ट. २००७ मध्ये गिनीजने जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून नोंद केली (१०,०१,३०४ स्कोव्हिल, म्हणजे तिखटपणा मोजायचं एकक; मेक्सिकोची हालापिन्यो मिरची ८,००० च्या पुढे सहसा जात नाही, यावरून काय ते समजा) आणि मग काय, सॉसच्या बाटल्यांवर पांढरी भुतं नाचायला लागली.

खरी गंमत जोलोकियात आहे. असमियात जालुक म्हणजे काळी मिरी, त्यावरनं जोलोकिया. आपण मिरीवरनं मिरची केली तस्संच.

तिरफळ
+१. आसामात तेजपूरला दोन वर्षं होते मी. आमच्या घरमालकीणबाई हिला बिह जोलोकिया म्हणायच्या, बिह म्हणजे विष!! ही मिरची दिसायला मुळीच गोंडस नाही, साल अशी बारीक फोडफोड आल्यासारखी, टोकाला निमुळती, आणि वास मात्र चक्क एखाद्या पिकल्या फळासारखा गोडसर. घरमालकीणबाई देठाला धरून भाताला नुसती एकदा टेकवायच्या आणि परत ताटाच्या कडेला ठेवायच्या, तीच मिरची संध्याकाळी पुन्हा. मी पहिल्या दिवशी शहाणपणा करून टोक चावलं, चारपाच सेकंद काहीच नाही, म्हटलं हॅ, एवढंच? नंतर कानातून ऐकू यायचं बंद झालं असं वाटलं. पुढचं लिहीत नाही.

तिथेच काही लोक नागा जोलोकिया म्हणतात. नागालँडमध्ये राजा मिरचा (नागा मिरचा नावाने २००८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाची खासियत असल्याचा शिक्का, पण मिळालाय), मणिपुरात उमोरोक, त्यात ऊ म्हणजे झाड आणि मोरोक म्हणजे मिरची.

अर्धाकप
भूतानची कशी काय? मिरची तर पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणली ना? म्हणजे हेही नाव चुकीचंच. भूत काय नि भोट काय.

शब्दखोर
@अर्धाकप, उगम वेगळा आणि नाव वेगळं हो. ज्या बाजूने आली असं लोकांना वाटलं त्या बाजूचं नाव चिकटतं. तिरफळताईंनी लिहिलंय ते बघा ना, आसामातला माणूस म्हणतो ही भूतानकडची, नाहीतर म्हणतो नागांची. एवढी जहाल वस्तू आपली म्हणायला कोण पुढे येणार, शेजाऱ्याच्या नावावर खपवलेली बरी (हलकेच घ्या).

आणि हे फक्त अडाणी जनता करते असं समजू नका. ही ज्या जातीत मोडते तिचं शास्त्रीय नाव कॅप्सिकम चायनेन्स, म्हणजे चीनची! जॅकिन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये ठेवलं कारण त्याला वाटलं ती चीनमधली आहे. मूळ दक्षिण अमेरिकेतलं. चूक कळली तरी नाव आजतागायत तेच. हाबानेरो याच जातीतली, तिच्या नावाचा अर्थ हवानाची, आणि पिकते मुख्यतः मेक्सिकोच्या युकातानात.

मोहरी
जाता जाता, पेरी पेरी मिरचीचं नाव पण यातच येतं. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत मिरचीला पिलीपिली, तो शब्द अरबी-फारसीतून मागे मागे जात आपल्या पिंपळीपाशी पोचतो. इंग्रजी पेपरही तिथलाच. मिरची नव्हती तेव्हा तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी, नवीन बया आली आणि जुन्यांची नावं ढापून बसली. थाई लोकांनी तर कमाल केलीय, फ्रिक म्हणजे आता मिरची आणि बिचाऱ्या काळ्या मिरीला फ्रिक थाई म्हणावं लागतं, स्वतःच्याच घरात आडनाव लावून राहायची पाळी. त्यांच्या त्या बारक्या जहाल मिरचीच्या नावाचा अर्थ आहे उंदराच्या लेंड्या. जेवत असाल तर सॉरी.

ठसकेबाज
बाप रे, मी एक भूत विचारलं तर इथे अख्खं गाव निघालं. मग कॅरोलिना रीपर वगैरे?

मोहरी
ती बाजारासाठी ठेवलेली नावं हो, मला नाही आवडत. रीपर म्हणजे कोयता घेतलेला तो मृत्यू, मिरचीला मागे बाकदार शेपटी असते त्यावरून. २०१३ ला विक्रम केला तिने आणि २०२३ ला ती तयार करणाऱ्या माणसाच्याच पेपर एक्स या मिरचीने तो मोडला. एक्स! याला काय नाव म्हणायचं. त्यापेक्षा नेपाळी लोकांचं ज्यानमारा खुर्सानी ऐका, खुर्सानी म्हणजे मिरची, पुढचं समजावून सांगायची गरजच नाही. त्यांचीच डल्ले खुर्सानी, डल्ले म्हणजे गोल, गोट्यांसारखी दिसते, निरागस वाटते आणि घात करते.

ठसकेबाज
मित्राला वाचून दाखवलं. जालुकचं त्यालाही लक्षात आलं नव्हतं कधी, म्हणाला आम्ही रोज दोन्ही शब्द बोलतो पण जोडून बघितले नाहीत. पुढच्या महिन्यात गावी जातोय, येताना दोन भोट आणतो म्हणतोय. तिरफळताई, टेकवायची म्हणजे नक्की किती सेकंद?

तिरफळ
सेकंद मोजलेस तर उशीर झालाच समज.